मर्चिसन काउंटीत आग्रह नसतो

नेब्रास्कातल्या बहुतेक गाड्यांच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, आकडा असतो. आकडा जितका मोठा तितकी काउंटी लहान, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. मर्चिसन काउंटीचा आकडा चांगलाच मोठा आहे. ओमाहाच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतला एखादा शहरी बाबा ती प्लेट वाचून गालातल्या गालात हसतो. मग मृणालिनी जगदाळे मान वळवून त्याच्याकडे अशी काही बघते, की बिचारा घाईघाईने रेडिओची बटणं शोधू लागतो.

"हसू दे ना त्याला," तिचा नवरा यतीन म्हणतो. "आपल्याकडे माणसांपेक्षा गुरं जास्त आहेत, हे खोटं आहे का?"

"खरं आहे. पण हसायचं असेल तर आम्ही हसू. त्याने का हसावं?"

त्या 'आम्ही'त कराडच्या मृणालिनीसोबत मर्चिसनचे सगळे शेतकरी, ट्रकवाले, चर्चमधल्या म्हाताऱ्या आणि बहुधा गुरंही असतात. एवढं मोठं 'आम्ही' काही जन्मापासून तिच्याजवळ नव्हतं. ते तिने इथे येऊन कमावलं.

यतीन मूळचा साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतला केमिस्ट. उसाच्या मळीपासून अल्कोहोल काढणारा माणूस मक्यापासूनही काढू शकतो, हे नेब्रास्कातल्या एका इथेनॉल प्लांटच्या लक्षात आलं आणि जगदाळ्यांचं बिऱ्हाड शॉमबर्गहून हललं. शॉमबर्गला मराठी मंडळ होतं, गणपती होता, पायी जाण्यासारखं इंडियन स्टोअर होतं. निरोपाच्या पॉटलक जेवणाला मैत्रीण कादंबरीने तिचा हात हातात घेऊन विचारलं होतं, "अगं, तिथे कोथिंबीर तरी मिळेल का गं?" तिचा चेहरा असा होता, जणू मृणालिनी काळ्या पाण्यावर निघाली आहे. दोन वर्षं काढायची आणि परतायचं, असं ठरवून ती निघाली. कोथिंबीर खरंच मिळाली नाही. पण परतण्याचं काही जमलं नाही, कारण मध्ये कोर्टहाऊस आडवं आलं.

झालं असं, की घर घेतल्यावर खरेदीखत नोंदवायला ती एल्बनच्या कोर्टहाऊसमध्ये गेली. एल्बन हे काउंटीचं मुख्य गाव. मुख्य म्हणजे काय, एक रस्ता, एक बँक, एक चर्च जास्त, आणि टेकडीवर पिवळसर दगडाचं तीन मजली कोर्टहाऊस. आत शिरताच कागद, शाई आणि फरशीला लावलेल्या मेणाचा वास आला आणि ती जागच्या जागी थांबली. कराडच्या तहसील कचेरीत तिचे आप्पा अव्वल कारकून होते. शाळा सुटली की ती तिथे जाऊन बसायची. जगाच्या या टोकाला तोच वास भेटेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते आलंच. काउंटरमागच्या मार्लीनबाईंनी निमूटपणे टिश्यूचा डबा पुढे सरकवला. घटस्फोटाचे कागद न्यायला आलेली कोणी असावी, असं त्यांना वाटलं होतं.

मार्लीनबाई तिथल्या काउंटी क्लार्क. आता 'क्लार्क' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो तो इथे चालायचा नाही. छोट्या काउंटीत क्लार्क म्हणजे अर्धं सरकार. मतदान तीच घेणार, जमिनीच्या व्यवहारांची नोंद तीच करणार, लग्नाचा परवाना तीच देणार, कोर्टाचे कागद तीच सांभाळणार, आणि काउंटी चालवणाऱ्या तीन जणांच्या मंडळाच्या बैठकीचा वृत्तान्तही तीच लिहिणार. ही जागा निवडणुकीने भरतात. पुढे मृणालिनी त्या ऑफिसात अर्धवेळ कामाला लागली, मग पूर्णवेळ, मग नागरिकत्व घेतल्यावर डेप्युटी क्लार्क झाली. तेव्हा आप्पा फोनवर खिन्न होऊन म्हणाले होते, "एम.ए. करून अमेरिकेत गेलीस, आणि शेवटी क्लार्कच? तीही डेप्युटी?" त्यांना समजावता समजावता तिच्या नाकी नऊ आले.

काउंटीतल्या लोकांना 'मृणालिनी' पेलेना. त्यांनी तिची 'लिनी' केली आणि तिनेही फार मनाला लावून घेतलं नाही. दरवर्षी चौथीची मुलं कोर्टहाऊस बघायला येतात, तेव्हा ही लिनी त्यांना जिन्यावर बसवून काउंटीचा इतिहास सांगते. एल्बन आणि विंडम या दोन गावांत मुख्य गाव कोण यावरून पूर्वी भांडण होतं. कागदपत्रांची लोखंडी तिजोरी विंडमला होती. एका रविवारी सगळं विंडम चर्चमध्ये डोळे मिटून प्रार्थना करत असताना एल्बनकरांनी ती तिजोरी बैलगाडीवर चढवून पळवली, आणि तिजोरीबरोबर राजधानीही आली. "चोरीच ना ही?" एखादं प्रामाणिक पोर विचारतं. "चोरीच," लिनी सांगते. "पण नीट केलेली." मुलं खूश होतात. विंडमहून आलेल्या बाई मात्र अजूनही नाक मुरडतात.

पण तिचा खरा जीव होता तो 'हील'वर. नकाशात मर्चिसन काउंटी बुटासारखी दिसते. पश्चिमेला मक्याची सपाट शेतं, पूर्वेला मातीच्या उंच टेकड्या, त्यांच्या पायथ्याशी मिझुरी नदी. फार पूर्वी एका पुरात नदीने वाट बदलली आणि बुटाची टाच, तीच ही 'हील', पलीकडच्या काठावर राहून गेली. नदी हलली म्हणून हद्द काही हलली नाही. त्यामुळे टाचेवर राहणारी मोजकी कुटुंबं आजही मर्चिसनचीच. पण त्यांना आपल्याच कोर्टहाऊसला यायचं तर आधी आयोवा राज्यात शिरायचं, वर जाऊन पूल गाठायचा, शेजारची काउंटी ओलांडायची आणि मग एल्बनची टेकडी चढायची. एका सहीसाठी माणसाचा दिवस जायचा. त्यामुळे लोक येतच नसत. जमिनी मेलेल्या आजोबांच्या नावावर राहत, मतदार-नोंदणीचे अर्ज भरायचे राहून जात, आणि एल्बनमध्ये सगळे म्हणत, "हीलवाल्यांना कशात रस नाही."

मृणालिनीला ते पटेना. तिने मार्लीनबाईंच्या मागे लागून परवानगी काढली आणि दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी शिक्का, कागद आणि घडीचं टेबल गाडीत टाकून ती हीलवरच्या चर्चच्या तळघरात जाऊन बसू लागली. पहिल्या गुरुवारी एकच बाई आली. इर्मा होल्ट्झ नावाची नव्वदीला टेकलेली शेतकरीण. तीही काम काही नसताना, हे टेबल खरंच आलंय का, हे बघायला. पुढच्या महिन्यात ती शेजाऱ्यांना घेऊन आली. हळूहळू टेबल गजबजलं. सरकार म्हणजे टेकडीवरची इमारत, ही समजूत त्या तळघरात मोडली, आणि ती आपल्या हातून मोडली याचा मृणालिनीला मनापासून अभिमान होता. तो ती कोणाला बोलून दाखवत नसे, एवढंच.

मग मार्लीनबाईंनी जाहीर केलं, की कंबर आता ऐकत नाही, मुदत संपायच्या आधीच निवृत्त होऊन लेकीकडे ॲरिझोनाला जायचं. मधेच जागा रिकामी झाली, की पुढच्या निवडणुकीपर्यंत ती काउंटीचं मंडळ भरतं. कोणाला नेमायचं, यावर एल्बनमध्ये कोणी डोकंही खाजवलं नाही. लिनी आहे की.

आणि मृणालिनीला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की भाजी चिरतानासुद्धा ती मनात मांडे खात असे. क्लार्क झाल्यावर हीलचं टेबल महिन्यातून दोनदा न्यायचं, विंडमलाही एक लावायचं, आप्पांना शपथविधीचा व्हिडिओ पाठवायचा. दारावरच्या काचेवर सोनेरी अक्षरांत आपलं नाव, आणि तेही पूर्ण, मृणालिनी, एकही अक्षर न गाळता.

मंडळाचे अध्यक्ष डेल कुचेरा एका सकाळी काउंटरपाशी आले. मोठे मक्याचे शेतकरी, वयाने मृणालिनीच्या काकांएवढे. तिथल्या रिवाजाप्रमाणे ती त्यांना नुसतं 'डेल' म्हणे, पण मनात ते डेलकाकाच होते. त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली.

"लिनी, मार्लीन चाललीय. तिची जागा तू घेशील का?"

तिचे कान तापले. आणि तोंडातून, कराडच्या चांगल्या घरात वाढलेल्या मुलीच्या तोंडून जे निघावं तेच निघालं. "नाही हो, डेल. मी कसली. माझ्याहून चांगली माणसं असतील की."

बोलून ती थांबली. आता ते म्हणतील, छे, छे, तुझ्याहून चांगलं कोण आहे. मग आपण म्हणायचं, पण मला जमेल का. मग ते म्हणतील, तुला नाही जमणार तर कोणाला. मग आपण खाली मान घालून म्हणायचं, तुम्ही म्हणता तर बघते. एवढा सगळा रस्ता तिला डोळ्यांपुढे स्वच्छ दिसत होता.

डेलकाकांनी मान हलवली. "समजलं," ते म्हणाले. "विचार करून सांगितलंस, बरं वाटलं." टोपी डोक्यावर चढवली, काउंटरवर दोनदा टकटक केलं आणि ते निघून गेले.

मृणालिनी त्या बंद दाराकडे बघत राहिली. 

वाचणाऱ्याने हसू नये. आपल्याकडे पहिला नकार हे उत्तर नसतंच मुळी, तो शिष्टाचार असतो. पानात जिलबी वाढायला आलं की आधी हात आडवा करायचा. वाढणाऱ्यानेही तो हात बघायचा नसतो. आप्पांना गल्लीच्या गणेश मंडळाने अध्यक्ष व्हायला विचारलं, तेव्हा ते दोनदा 'नको' म्हणाले होते, तिसऱ्यांदा लोक घरी आले तेव्हा डोळे पुसत 'हो' म्हणाले, आणि पुढे खुर्ची सोडायला तयार नव्हते. आग्रह झाल्याशिवाय घेणं म्हणजे हावरटपणा, आणि स्वतःहून मागणं म्हणजे तर गुडघ्याला बाशिंग. मृणालिनी हे दुधाबरोबर प्यायली होती. नेब्रास्कात आल्यावर पहिल्या वर्षी शेजारणीकडे सफरचंदाच्या गोड ॲपल पायला 'नको' म्हणून ती उपाशी परतली होती, तरी शहाणी झाली नव्हती. पायपुरतं ती शिकली. पण आता विचारलेली गोष्ट पायपेक्षा फार मोठी होती, आणि मोठ्या गोष्टीच्या वेळी माणूस आईबापांच्या घरी परत जातो.

घरी हे ऐकून यतीनने कपाळाला हात लावला. "अगं, मग हो म्हणायचं ना!"

"एकदा तरी परत विचारायला नको त्यांनी? इतक्या वर्षांची ओळख, आणि एका 'नाही'वर उठून गेले?"

मुलगी अनया लिंकनला कॉलेजात होती. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, यू सेड नो. नो मीन्स नो. आम्हाला ओरिएंटेशनला हेच शिकवतात."

"ते वेगळ्या बाबतीत गं."

"नो इज नो, आई."

डेलकाका पुन्हा विचारतील, म्हणून मृणालिनी वाट बघू लागली. ते कोर्टहाऊसमध्ये आले की ती उगाच कॉरिडॉरमध्ये जाऊन नोटीस बोर्डच्या टाचण्या सरळ करायची. पण डेलकाका तिला बघून हवापाण्यावर बोलायचे, जपून, पाय न वाजवता चालल्यासारखे. त्यांच्याही घरी त्यांना काही वळण लावलेलं होतं. एखाद्या बाईने नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे तिच्यावर दबाव आणणं, आणि तसं चांगला माणूस करत नाही. दुकानात कोणी लिनीचा विषय काढला, तर तेच दटावत, "तिला त्रास देऊ नका. तिने नाही म्हटलंय." दोघंही आपापल्या जागी अत्यंत सभ्यपणे वागत होते, आणि त्या सभ्यपणात मृणालिनीची जागा हातची चालली होती.

गावच्या साप्ताहिकात त्या जागेची जाहिरात आली. अर्ज आला एकच. विम्याच्या ऑफिसातल्या ब्रेंटचा. ब्रेंट तरुण, कामसू, बोलायला गोड. त्याच्याबद्दल वाईट बोलावं असं काही नव्हतं, आणि याचाच मृणालिनीला जास्त राग येत होता. एकदा काउंटरवर येऊन त्याने उत्साहाने आपला बेतही सांगितला. सगळं ऑनलाइन करायचं. "ते हीलचं टेबल तर पहिलं बंद. तू तरी किती गाडी चालवशील, लिनी?" त्याला वाटलं, आपण तिच्यावर उपकारच करतोय.

"तूही अर्ज कर," यतीन म्हणाला.

"मी मागू?"

"त्यात काय झालं?"

"मला नाही जमणार रे, यतीन. लोक काय म्हणतील, एवढी हपापलेली?"

"कुठले लोक? कराडचे?"

तिने उत्तर दिलं नाही, कारण उत्तर 'हो' असं होतं.

पुढच्या गुरुवारी ती हीलवर गेली. तळघरात हीटर घरघरत होता. इर्माआजी नेहमीप्रमाणे पहिल्या. आज त्यांच्याकडे नातवाच्या नावावर करायच्या शेताचे कागद होते. मृणालिनीने ते तपासले, शिक्का मारला, आणि नेहमीसारखी चौकशी केली, "गुडघे कसे आहेत?" इर्माआजी कागद पर्समध्ये घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "डेल म्हणत होता, तू जागा नाकारलीस."

मृणालिनीने शिक्का डबीत ठेवला.

"बरोबर आहे तुझं," इर्माआजी म्हणाल्या. "आम्ही बसलोय या कोपऱ्यात. नदीसुद्धा सोडून गेली आम्हाला. तू तरी किती दिवस येणार? कंटाळली असशील. आम्ही समजू शकतो." त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता. सोडून जाणाऱ्या गोष्टींची सवय झालेलं माणूस बोलतं तसं त्या बोलल्या आणि काठी टेकत वर निघाल्या.

मृणालिनीला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आपण नम्रता दाखवली असं ती समजत होती. इथे त्या नम्रतेचा अर्थ 'मला तुम्ही नको' असा पोचला होता. तिला स्वतःचा भयंकर राग आला. परतताना आयोवातून पुलापर्यंत ती मोठमोठ्याने मराठीत स्वतःशी भांडत आली. पूल ओलांडला तेव्हा ती भांडण हरलेली होती, आणि त्याचं तिला बरं वाटत होतं.

नेमणुकीची बैठक सोमवारी सकाळी होती. कोर्टहाऊसच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली, लांब टेबलामागे मंडळाचे तिघं, मधे डेलकाका, एका बाजूला म्हातारा वर्नन, दुसऱ्या बाजूला नियमाला पक्क्या शेरिलबाई. समोरच्या खुर्च्यांवर ब्रेंट, त्याची बायको, साप्ताहिकाचा माणूस, आणि कॉफी फुकट मिळते म्हणून आलेले दोघं-तिघं. मागे भिंतीला टेकून प्लांटच्या गणवेशातच आलेला यतीन. मार्लीनबाई कोपऱ्यात. आणि बैठकीचा वृत्तान्त लिहायला टेबलाच्या कडेला खुद्द मृणालिनी.

ठराव घेण्याआधी डेलकाकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाला काही बोलायचं आहे?"

तेही तिने लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं आणि उभी राहिली.  स्वतःचं बोलणं स्वतःच कसं लिहायचं, असा वेडा विचार मनात आला. कोपऱ्यातून मार्लीनबाई उठल्या, तिच्या खुर्चीत बसल्या आणि पेन हातात घेऊन म्हणाल्या, "मी लिहिते. तू बोल."

"डेल," मृणालिनी म्हणाली, "तुम्ही मला विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं. मी जिथे वाढले तिथे पहिलं 'नाही' हे उत्तर नसतं. ती रीत असते. समोरच्याने परत विचारायचं असतं. मी इतके दिवस तुमच्या परत विचारण्याची वाट बघत होते."

डेलकाकांची भुवई वर गेली. "आणि मी तुला त्रास होऊ नये म्हणून तोंड बंद ठेवून होतो."

"माहीत आहे. म्हणून आता मीच विचारते." तिने श्वास घेतला. पुढचं वाक्य तिने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, मराठीत नाही आणि इंग्रजीतही नाही. "मला ही जागा हवी आहे. आणि मी हे काम चांगलं करते."

 तिच्या मनात अख्ख्या कराडने तोंडाला पदर लावला होता. तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "हीलच्या लोकांना वाटतंय की मी त्यांना कंटाळले. मी कंटाळलेली नाही. ती माणसं या काउंटीची आहेत. नदी कुठूनही वाहो. ते टेबल मी बंद होऊ देणार नाही." 

वर्नन खाकरला. "माझी आजी बोहेमियातून आलेली," तो म्हणाला. "तिला डंपलिंग तीनदा विचारावं लागायचं. दोनदाच विचारलं तर आठवडाभर बोलायची नाही. माझं मत लिनीला."

शेरिलबाईंनी चष्मा सावरला. "लिनी उत्तम आहे, यात वाद नाही. पण जाहिरात सर्वांसाठी होती आणि मुदतीत अर्ज ब्रेंटने केला. माझं मत ब्रेंटला." त्या मृणालिनीच्या डोळ्यांत बघून बोलल्या, आणि म्हणून तिला त्यांचा राग आला नाही. भीती मात्र वाटली. एक तिकडे, एक इकडे. उरले डेलकाका.

डेलकाकांनी समोरचा ब्रेंटचा अर्ज उलटून पाहिला. "शेरिल, अर्ज मागवायच्या आधी मी स्वतः जाऊन एका माणसाला विचारलं होतं," ते म्हणाले. "ते विचारणं अर्धवट राहिलं, असं आत्ता कळतंय. ते आधी पूर्ण करतो." ते खुर्चीत तिच्याकडे वळले. "लिनी, मार्लीनची जागा तू घेशील का?"

आणि काय सांगावं, सवय किती चिवट असते. 'नाही हो, मी कसली' हे शब्द तिच्या जिभेवर अगदी तयार होऊन आले. तिने ते गिळले.

"हो," ती म्हणाली. "घेते."

"मग माझं मत तुला," डेलकाका म्हणाले. मार्लीनबाईंनी ते लिहिलं आणि पेनचं टोपण लावलं.

ब्रेंटचे कान लाल झाले होते, पण सगळ्यांच्या आधी हात मिळवायला तोच आला. मार्लीनबाईंनी तिथेच शपथ दिली. मृणालिनीने उजवा हात वर केला आणि सांगितलेले शब्द एकेक करून म्हटले, राज्याच्या घटनेचे, कर्तव्याचे, निष्ठेचे. आवाज कापला नाही. मर्चिसन काउंटीच्या नकाशासमोर ती उभी होती, टाचेसकट पूर्ण बुटासमोर, आणि हे सगळं आपलं आहे, ते सांभाळायचं काम आपण मागून घेतलं आहे, या विचाराने तिचा ऊर भरून आला. मागितलेल्या गोष्टीचा एवढा अभिमान वाटू शकतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

बाहेर कोर्टहाऊसच्या पायऱ्यांवर ऊन होतं. यतीनला प्लांटवर परतायचं होतं, तरी तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. खाली एल्बनचा एकुलता रस्ता, पलीकडे टेकड्या, आणि त्यांच्यामागे न दिसणारी नदी.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," तो म्हणाला, "पण 'मला हवंय' असं तुझ्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकलं."



"मीसुद्धा," ती म्हणाली.